मॉक लावूनही खराच ऑब्जेक्ट चालतोय? आधी क्लासच्या पोटातला 'न्यू' शोधा

लक्षणं

समजा ऑर्डरसर्व्हिस हा आपला क्लास एसएमएसक्लायंट या दुसऱ्या क्लासकडून ग्राहकाला संदेश पाठवतो. टेस्टमध्ये एसएमएसक्लायंटचा मॉक, म्हणजे खऱ्याच्या जागी ठेवायचा खोटा ऑब्जेक्ट, बनवला. त्याने काय उत्तर द्यायचं तेही सांगितलं. मग ऑर्डरसर्व्हिसची मेथड कॉल केली, आणि व्हेरिफायच्या, म्हणजे मॉकला कॉल आला का ते तपासणाऱ्या, ओळीवर मॉकिटो (जावात मॉक बनवायची लायब्ररी) सांगतो: 'वॉन्टेड बट नॉट इन्व्होक्ड'. खाली आणखी एक ओळ असते, 'झिरो इंटरॅक्शन्स विथ धिस मॉक'. डिबगर लावून पाहिलं तर मेथड शेवटपर्यंत सरळ जाते, संदेश पाठवायची ओळही चालते. तरी मॉकला कुणी हात लावलेला नसतो.

या दुखण्याचं हे सर्वांत उघड रूप. जावाच्या प्रोजेक्टमध्ये ते आणखी काही रूपांत येतं आणि तेव्हा ओळखायला वेळ लागतो:

टेस्ट लॅपटॉपवर हिरवी आणि बिल्ड सर्व्हरवर लाल, आणि चुकीच्या मजकुरात 'कनेक्ट एक्सेप्शन' किंवा टाइमआउट. म्हणजे युनिट टेस्ट खऱ्या सर्व्हरशी बोलतेय. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असल्यामुळे तिचं भागत होतं, एवढंच.

'अननेसेसरी स्टबिंग एक्सेप्शन'. तुम्ही शिकवलेलं उत्तर कुणी मागितलंच नाही, असा त्याचा अर्थ. जेयुनिट ५ (जावाच्या टेस्ट चालवणारी चौकट) सोबत मॉकिटोचं एक्स्टेन्शन लावलं की ही कडक तपासणी आपोआप चालू असते. पुष्कळ जण ती सैल करून पुढे जातात. तसं करू नका. आजार सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.

टेस्ट एकटी चालवली तर पास, सगळ्यांबरोबर चालवली तर नापास. किंवा तारखेशी संबंधित टेस्ट फक्त रात्रीच्या बिल्डमध्ये पडते.

आणि सर्वांत गंभीर लक्षण: टेस्ट पास होते, पण कुणाच्या तरी फोनवर खरा संदेश जातो. हे दिसलं तर पुढचं वाचायच्या आधी टेस्टच्या कॉन्फिगरेशनमधली एसएमएस सेवेची खरी किल्ली (एपीआय की) काढा आणि टीमला सांगा. कारण शोधण्याचं काम त्यानंतर.

असं का होतं

मॉक हा तुमच्या हातातला एक ऑब्जेक्ट आहे. तो कोडपर्यंत पोचला तरच उपयोगाचा. पण ऑर्डरसर्व्हिसच्या मेथडमध्ये 'न्यू एसएमएसक्लायंट' असं लिहिलं असेल, तर ती ओळ थेट जेव्हीएमला (जावाचा कोड चालवणाऱ्या यंत्रणेला) सांगते की याच क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनव. ती कुणाला विचारत नाही आणि कुठे शोधतही नाही. तुम्ही ओट्यावर मिठाचा वेगळा डबा ठेवलात, पण आचारी स्वतःच्या पिशवीतूनच मीठ काढतो, तसं हे आहे. मॉक बिघडलेला नाही. त्याला आत जायला वाटच नाही.

म्हणून माझं ठाम मत सांगतो, कारण हीच दुरुस्ती मी वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये पुन्हा पुन्हा केली आहे: दोष बहुतेक वेळा टेस्टमध्ये नसतो, ऑब्जेक्ट कुठे जन्माला येतो त्यात असतो. जन्माची जागा हलवली की टेस्ट दोन ओळींत सुटते. ती न हलवता मॉकिंगच्या ताकदवान युक्त्या वापरल्या तर टेस्ट चालते, पण कोडच्या प्रत्येक बदलाबरोबर तुटत राहते. खालच्या तपासण्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत, स्वस्त आधी आणि महाग शेवटी.

१. चालतोय तो ऑब्जेक्ट मॉक आहे का, ते डोळ्यांनी पाहा

कोडमध्ये काहीही बदलायच्या आधी संदेश पाठवायच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावा आणि क्लायंटचं 'टू स्ट्रिंग' पाहा. मॉक असेल तर 'मॉक फॉर एसएमएसक्लायंट' अशी सुरुवात दिसते; 'मॉक' ॲनोटेशन लावून बनवला असेल तर टेस्टमधल्या फील्डचं नाव दिसतं. नुसतं क्लासचं नाव पाहून ठरवू नका. जुन्या पद्धतीत मॉकिटो तुमच्या क्लासचा उपक्लास बनवायचा आणि त्याच्या नावात 'मॉकिटोमॉक' असं दिसायचं. मॉकिटो ५ पासून मूळ क्लासच आतून बदलला जातो, त्यामुळे मॉकचं नावही खऱ्यासारखंच दिसतं. शंका राहिली तर 'मॉकिंग डिटेल्स' नावाची मेथड आहे, तिला सरळ विचारा.

ही तपासणी का महत्त्वाची? कारण ऑब्जेक्ट मॉक निघाला तर तुमचा प्रश्न वेगळाच आहे. मेथडचे पॅरामीटर जुळत नसतील किंवा स्टब (मॉकला शिकवलेलं उत्तर) चुकीचा असेल. अशा वेळी ही पोस्ट पुढे वाचून काही हाती लागणार नाही.

२. 'न्यू' कुठे लपलाय ते शोधा

एडिटरमध्ये त्या क्लासच्या फाइलीत 'न्यू' शोधा. प्रत्येक ठिकाणी थांबून पाहा. मेथडच्या आत असेल तर सरळ सापडतो. फील्डच्या घोषणेतच ऑब्जेक्ट बनवला असेल तर नजर चुकते, आणि स्टॅटिक ब्लॉकमधला तर हमखास सुटतो. 'गेट इन्स्टन्स' किंवा 'बिल्डर' अशा स्टॅटिक मेथड म्हणजेही पडद्यामागचा 'न्यू'च.

इथे 'इंजेक्ट मॉक्स'बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याभोवती आहेत. हे ॲनोटेशन लावलं की मॉक आपोआप आत जातात असं समजलं जातं. प्रत्यक्षात ते आधी कन्स्ट्रक्टरमधून द्यायचा प्रयत्न करतं, ते जमलं नाही तर सेटरमधून, आणि शेवटी थेट फील्डमध्ये. कन्स्ट्रक्टरमधून दिलं की फील्डकडे ते वळतच नाही. फायनल आणि स्टॅटिक फील्ड सोडून देतं. मेथडमधल्या स्थानिक व्हेरिएबलपर्यंत तर त्याचा हात कधीच पोचत नाही. आणि यातलं काहीही जमलं नाही तरी ते गप्प बसतं, चूक दाखवत नाही. म्हणून ज्या टेस्टमध्ये मला हे दुखणं दिसतं, तिथे मी हे ॲनोटेशन काढून ऑब्जेक्ट हाताने बनवतो. कुठे काय जात नाही ते कंपायलरच दाखवून देतो.

फील्ड फायनल नसेल तर मॉक नंतर त्यात बसतो हे खरं, पण तोवर खऱ्या क्लायंटचा कन्स्ट्रक्टर चालून गेलेला असतो. तो कन्स्ट्रक्टर नेटवर्क जोडणी उघडत असेल, तर टेस्ट हिरवी असूनही बिल्ड सर्व्हरवर मिनिटभर अडकून बसते.

३. मॉक हवाच आहे का?

ही तपासणी फुकट आहे. आत बनणारा ऑब्जेक्ट यादी असेल, रक्कम असेल, तारीख असेल किंवा नुसता माहिती वाहून नेणारा क्लास असेल, तर त्याला मॉक करू नका. तो खराच चालू द्या आणि मेथडचा निकाल तपासा. मॉक लागतो तो बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्याला: नेटवर्क, डेटाबेस, फाइल, घड्याळ, रँडम आकडा.

घड्याळाचं विशेष सांगतो. 'लोकल डेट नाऊ' ही ओळ कुणाला 'न्यू' वाटत नाही, पण टेस्टच्या दृष्टीने तीच अडचण आहे: क्लास स्वतःच आजची तारीख मिळवतो. बिल्ड सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर भारतात मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरची तारीख कालचीच असते. रात्रीच्या बिल्डमध्ये पडणाऱ्या टेस्टचं कोडं बहुतेकदा इथे सुटतं. जावा ८ पासून, म्हणजे २०१४ पासून, 'क्लॉक' नावाचा क्लास याचसाठी दिलेला आहे. तो कन्स्ट्रक्टरमधून घ्या आणि टेस्टमध्ये 'क्लॉक फिक्स्ड' द्या. मॉकिंग लायब्ररीची गरजच नाही.

४. आवृत्त्या जुळतात का

कोडला हात लावायच्या आधी एकदा डिपेंडन्सी ट्री (कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती येते त्याची यादी) काढून पाहा. कन्स्ट्रक्टर मॉक करायची सोय मॉकिटोत ३.५.० पासून, म्हणजे २०२० पासून आहे. पण २०२३ च्या मॉकिटो ५ च्या आधी ती चालायला 'मॉकिटो इनलाइन' वेगळं जोडावं लागायचं. ते नसेल तर 'सबक्लास बाइट बडी मॉक मेकर'ला कन्स्ट्रक्शन मॉक जमत नाही, अशा अर्थाचा लांबलचक मजकूर येतो. तो दिसला तर उपाय फक्त एक डिपेंडन्सी जोडण्याचा आहे, कोड बदलण्याचा नाही.

स्प्रिंग बूट वापरत असाल तर मॉकिटोची आवृत्ती बहुधा तुम्ही निवडलेलीच नसते. स्प्रिंग बूट ३.० पर्यंत मॉकिटो ४ किंवा त्याहून जुना येतो, ३.१ पासून ५. त्यामुळे एका प्रोजेक्टमध्ये चालणारी टेस्ट शेजारच्या प्रोजेक्टमध्ये जशीच्या तशी चिकटवली की पडते.

टेस्टमध्ये मॉक 'नल' येत असेल तर जेयुनिट ४ चं 'रन विथ' आणि जेयुनिट ५ ची 'टेस्ट' यांची सरमिसळ झालीय का पाहा. जेयुनिट ५ त्या जुन्या ॲनोटेशनकडे बघतही नाही. आणि जावा २१ वर 'एजंट डायनॅमिकली लोड झाला' असा इशारा (एजंट म्हणजे जेव्हीएममध्ये शिरून क्लास बदलणारा कोड) दिसला तर घाबरू नका. तो आज फक्त इशारा आहे, टेस्ट पडण्याचं कारण दुसरीकडे शोधा. मॉकिटो रीतसर जावाएजंट म्हणून जोडला की तो जातो.

५. जन्माची जागा बाहेर काढा

बहुतेक वेळा दुरुस्ती इथेच संपते आणि ती वाटते त्यापेक्षा छोटी असते. ऑर्डरसर्व्हिसला दुसरा कन्स्ट्रक्टर द्या, जो एसएमएसक्लायंट पॅरामीटर म्हणून घेतो. जुना, पॅरामीटर नसलेला कन्स्ट्रक्टर तसाच ठेवा. त्यात फक्त एक ओळ: 'न्यू एसएमएसक्लायंट' बनवून नव्या कन्स्ट्रक्टरला द्यायची. ज्यांनी ऑर्डरसर्व्हिस आधीपासून वापरलीय त्यांच्या कोडला धक्का लागत नाही. टेस्ट नवा कन्स्ट्रक्टर वापरते आणि मॉक सरळ आत जातो.

'टेस्टसाठी मुख्य कोड का बदलायचा?' हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये नेहमी येतो. माझं उत्तर असं: बदल टेस्टसाठी दिसतो, पण उद्या संदेशाची सेवा देणारी कंपनी बदलली तर हाच कन्स्ट्रक्टर कामाला येईल. क्लासला कशाची गरज आहे हे त्याच्या दारावरच लिहिलेलं असणं चांगलं.

क्लायंट प्रत्येक ऑर्डरसाठी वेगळा बनत असेल, समजा दुकानाप्रमाणे वेगळी किल्ली लागते, तर तयार ऑब्जेक्ट देऊन भागत नाही. तेव्हा ऑब्जेक्ट बनवणारा द्या. एकही पॅरामीटर लागत नसेल तर जावाचा 'सप्लायर' पुरतो, एक लागत असेल तर 'फंक्शन', आणि जास्त असतील तर स्वतःचा छोटा फॅक्टरी इंटरफेस. टेस्टमध्ये तो फक्त मॉक परत करतो.

कन्स्ट्रक्टरला हातच लावता येत नसेल, उदाहरणार्थ एखादी जुनी चौकट तो स्वतः चालवत असेल, तर 'न्यू'ची ती एक ओळ वेगळ्या मेथडमध्ये काढा. मेथड प्रायव्हेट ठेवू नका. प्रोटेक्टेड किंवा पॅकेजपुरती ठेवा, कारण मॉकिटो प्रायव्हेट मेथड बदलू शकत नाही. टेस्टमध्ये उपक्लास बनवून ती मेथड ओव्हरराइड करा. स्पाय (खऱ्याच मेथड चालवणारा, पण हव्या त्या बदलू देणारा मॉक) वापरणार असाल तर 'व्हेन'ने सुरुवात करू नका. 'व्हेन'च्या कंसात लिहिलेली खरी मेथड आधी चालते आणि खरा क्लायंट बनतोच. 'डू रिटर्न'ने सुरुवात करा. शिवाय स्पाय ही तुमच्या ऑब्जेक्टची प्रत असते. मूळ ऑब्जेक्टवर मेथड कॉल केलीत तर स्पायला त्याचा पत्ता नसतो.

६. कोड बदलणं शक्यच नाही: कन्स्ट्रक्शन मॉक

कोड दुसऱ्या टीमचा आहे, रिलीज तोंडावर आहे, किंवा टेस्टशिवाय कोडला हात लावायची भीती आहे आणि टेस्टच लिहिता येत नाही. अशा वेळी 'मॉक कन्स्ट्रक्शन' वापरा. त्या ब्लॉकच्या आत त्या क्लासचा जो 'न्यू' होईल, त्याच्या जागी मॉक मिळतो. शेवटचं कारण असेल तर मी स्वतः हेच करतो: आधी याने टेस्ट उभी करतो, मग त्या टेस्टच्या आधाराने पाचव्या तपासणीतला बदल करतो, आणि शेवटी हे काढून टाकतो.

हे चालत नाही अशी तक्रार आली की मी ठरलेल्या गोष्टी पाहतो. पहिली, ब्लॉक कधी उघडला. फील्डमध्येच क्लायंट बनत असेल आणि ऑर्डरसर्व्हिस 'बिफोर ईच'मध्ये तयार केली असेल, तर ब्लॉक उघडेपर्यंत खरा क्लायंट बनून बसलेला असतो. ऑर्डरसर्व्हिस ब्लॉकच्या आत बनवा.

दुसरी गोष्ट थ्रेड. हा मॉक फक्त ज्या थ्रेडवर ब्लॉक उघडला त्याच थ्रेडपुरता असतो. कोड एक्झिक्युटर किंवा 'कम्प्लीटेबल फ्युचर' वापरून दुसऱ्या थ्रेडवर संदेश पाठवत असेल, तर तिथे खराच क्लायंट बनतो. यावर मॉकिटोत सोपा उपाय नाही. एक्झिक्युटर बाहेरून देता येत असेल तर टेस्टमध्ये त्याच थ्रेडवर काम करणारा द्या.

तिसरी, ब्लॉक बंद झाला का. 'ट्राय विथ रिसोर्सेस' वापरला नाही आणि 'क्लोज' राहून गेलं, तर मॉक त्या थ्रेडवर तसाच राहतो आणि पुढची टेस्ट 'ऑलरेडी रजिस्टर्ड इन द करंट थ्रेड' म्हणून पडते. एकटी पास आणि सगळ्यांबरोबर नापास या लक्षणाचं हे नेहमीचं कारण.

मग उत्तरं. असा बनलेला मॉक न शिकवता ऑब्जेक्टच्या जागी नल, आकड्याच्या जागी शून्य आणि यादीच्या जागी रिकामी यादी देतो. ब्लॉक लावल्याबरोबर 'नल पॉइंटर एक्सेप्शन' आलं तर खरं तर आनंदाची गोष्ट आहे, मॉक आत पोचला! आता ब्लॉक उघडतानाच दुसऱ्या पॅरामीटरमध्ये त्याला उत्तरं शिकवा. तिथेच कॉन्टेक्स्टमधून कन्स्ट्रक्टरला काय पॅरामीटर गेले तेही तपासता येतं. व्हेरिफाय करताना 'कन्स्ट्रक्टेड' यादीतला ऑब्जेक्ट घ्या, आणि त्याआधी यादीत किती आहेत ते मोजा. अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तर कोड गरज नसताना पुन्हा पुन्हा क्लायंट बनवतोय हेही कळतं.

आणखी एक बारकावा पुष्कळांना चकवतो. कन्स्ट्रक्टरचा कोड चालत नाही, पण त्याला दिलेले पॅरामीटर आधी मोजले जातातच. 'न्यू एसएमएसक्लायंट' च्या कंसात कॉन्फिगरेशनची फाइल वाचणारी मेथड असेल, तर फाइल खरोखर वाचली जाते. क्लासमधला स्टॅटिक ब्लॉकही चालतो. मॉक लागूनही फाइल सापडत नाही म्हणून टेस्ट पडत असेल तर तिथे पाहा.

पॉवरमॉक या जुन्या मॉकिंग लायब्ररीबद्दल थोडक्यात. जुन्या प्रोजेक्टमध्ये 'व्हेन न्यू' वापरलेलं असतं. ते चालत नसेल तर 'प्रिपेअर फॉर टेस्ट'मध्ये कुठला क्लास लिहिलाय ते पाहा: जो बनतो तो नव्हे, जो बनवतो तो हवा. इथे ऑर्डरसर्व्हिस. पॉवरमॉकची शेवटची आवृत्ती २.०.९ ही २०२० मधली आहे, जेयुनिट ५ साठी तो नाही, आणि जावा १७ वर तो जावाची दारं उघडी करणारे वेगळे पर्याय ('ॲड ओपन्स') दिल्याशिवाय अडखळतो. जाकोको या साधनाने मोजलेलं कव्हरेजही (टेस्टने किती कोड चालवला ते) अशा क्लासचं शून्य दिसू शकतं. नव्या टेस्टमध्ये तो आणू नका.

पायथनमध्ये हेच दुखणं

तिथे एखाद्या नावाच्या जागी तात्पुरता मॉक बसवणारा 'पॅच' हाताशी आहे, ३.३ पासून भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतच, आणि तो आत बनणारा ऑब्जेक्टही बदलतो. पण पत्ता चुकतो. ऑर्डर मॉड्यूलने 'फ्रॉम एसएमएस इम्पोर्ट क्लायंट' लिहिलं असेल तर पॅच ऑर्डर मॉड्यूलमधल्या नावाला लावायचा, एसएमएस मॉड्यूलमधल्या नाही. नाव जिथे वापरलं जातं तिथे. आणि पॅच केलेला मॉक क्लासचा असतो. आत बनणारा ऑब्जेक्ट म्हणजे त्याची 'रिटर्न व्हॅल्यू'. उत्तरं तिला शिकवा.

कुठे थांबायचं

एका टेस्टसाठी तीन-चार क्लासचे कन्स्ट्रक्शन मॉक एकात एक घालावे लागत असतील तर थांबा. तो क्लास फार जास्त कामं करतोय आणि त्याचे तुकडे कसे पाडायचे हा निर्णय टीममधल्या अनुभवी माणसाबरोबर बसून घ्यायचा आहे.

पैशाचा व्यवहार करणारा, एकही टेस्ट नसलेला कोड असेल आणि तो मूळ लिहिणारं कुणी टीममध्ये असेल, तर पाचव्या तपासणीतला बदलही त्यांना दाखवल्याशिवाय करू नका. वरून निरुपयोगी दिसणारा दुसरा 'न्यू' कधी कधी मुद्दाम ठेवलेला असतो, कारण तो ऑब्जेक्ट दोन थ्रेडमध्ये वाटून चालत नाही.

ऑब्जेक्ट तुमच्या कोडमध्ये नव्हे तर बाहेरून घेतलेल्या लायब्ररीच्या आत बनत असेल तर मॉकिंगच सोडा. त्या लायब्ररीला तुमच्या मालकीचा एक पातळ क्लास गुंडाळा आणि त्याला मॉक करा. लायब्ररीसकट तपासायचं असेल तर वायरमॉकसारखा खोटा सर्व्हर उभा करून तिला त्याचा पत्ता द्या.

आणि टेस्ट फक्त बिल्ड सर्व्हरवर, फक्त कव्हरेज किंवा मॉनिटरिंगचा एजंट चालू असताना पडत असेल, तर दोन साधनं एकाच क्लासचा बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) बदलतायत अशी शक्यता आहे. हे टेस्टमधून सुटत नाही. बिल्ड सांभाळणाऱ्या टीमकडे जा, आणि जाताना चार गोष्टी घेऊन जा: जावाची नेमकी आवृत्ती, पूर्ण डिपेंडन्सी ट्री, जेव्हीएमला दिलेले सगळे एजंट, आणि एक्सेप्शनमधली सर्वांत शेवटची 'कॉज्ड बाय' ओळ.